पणजोबांच्या पदकाची जोडवी

गेल्या महिन्यात आत्याकडे गेले होते, साताऱ्याजवळच्या गावाला, तर निघताना तिने रुमालाची एक पुरचुंडी हातात ठेवली. उघडून बघते तर जोडवी. चांदीची, जुन्या घडणीची, काळी पडलेली. मामा (म्हणजे आत्याचे मालक, आमच्याकडे मामाच म्हणतात) गेल्यापासून ती डब्यात पडून होती. म्हटलं आत्या, मला कशाला, सुनेला दे की. तर म्हणाली, "तिला काय त्याचं. तू त्या पदकांचं खूळ घिऊन बसलीयास न्हवं, मग घे. ह्ये बी पदकच हाय."

आता हे खूळ काय ते आधी सांगते. लॉकडाऊनमध्ये बाबांची जुनी ट्रंक आवरताना मला एक पिवळट गोल पदक सापडलं होतं. एका बाजूला पंखवाली बाई, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत लिहिलेलं, संस्कृतीसाठी लढलेलं महायुद्ध, १९१४-१९१९. संस्कृतीसाठी! वाचून मी एकटीच हसले. लहानपणी आम्ही त्याच्याने ठिक्कर खेळलोय हे मला नंतर आठवलं. मग मोबाइलचा टॉर्च लावून कडेवरून फिरवला तेव्हा कळलं की कडेवर अक्षरं आहेत. नंबर, सिपॉय, मग पणजोबांचं नाव (स्पेलिंग इतकं भयानक की तीनदा वाचल्यावर ट्यूब पेटली), आणि शेवटी ११७ मराठाज. त्या दिवसापासून जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही, नवरा म्हणतो तू नोकरी सोड आणि म्युझियम काढ.

घरात पणजोबांबद्दल एवढंच सांगतात की ते "बसऱ्याला" गेले होते. ११७वी मराठा पलटण मेसोपोटेमियात म्हणजे आत्ताच्या इराकमध्ये होती, पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये. हीच ती डिव्हिजन जी कुत-अल-अमारामध्ये वेढ्यात अडकली, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, आणि शेवटी उपासमारीने शरण गेली. खायला घोड्यांचं मांस उरलं होतं आणि आपले शिपाई ते खाईनात, मग हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली वगैरे. पणजोबा त्या वेढ्यात होते की आधीच जखमी होऊन परतले होते हे सांगणारं आता घरात कोणी नाही. परत आले हे नक्की, नाहीतर मी हे टाइप करत नसते.

तर अशा शिपायाला साधारण तीन पदकं मिळायची. एक ब्राँझचा तारा १९१४-१५ चा, एक चांदीचं गोल ब्रिटिश वॉर मेडल आणि एक हे पिवळं विजयपदक. इंग्लंडमध्ये लोकांनी या तिघांना पेपरातल्या कार्टूनवरून पिप, स्क्वीक आणि विल्फ्रेड अशी नावं ठेवली होती, एक कुत्रा, एक पेंग्विन आणि एक ससा. म्हणजे चार वर्षं चिखलात सडून आलेल्या माणसांच्या छातीवर कुत्रा पेंग्विन ससा. मला हे फार आवडलं.

आमचा तारा काकांनी हरवला. आणि चांदीचं, ते आत्याच्या पायात गेलं.

१९७३चा वैशाख, बहात्तरचा दुष्काळ अजून सरलेला नव्हता, आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, मुलं सुकडी खाऊन दिवस काढत होती, आणि त्यात आत्याचं लग्न ठरलं. आजीने पणजोबांच्या पेटीतून (ते साठ-एकसष्ट सालीच गेले होते) ते चांदीचं पदक काढलं आणि सोनाराकडे नेलं. ब्रिटिश वॉर मेडलमध्ये जवळपास ३१ ग्रॅम चांदी असते, जुन्या हिशोबाने पावणेतीन तोळे. जोडव्यांना भरपूर.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चिडले होते, खोटं कशाला सांगू. पण मग वाचत गेले तशी ही गोष्ट फक्त आमच्या घरची नाही हे कळायला लागलं. ही चांदीची पदकं सुमारे ६५ लाख वाटली गेली आणि त्यातली कितीतरी वितळली, खुद्द इंग्लंडमध्येसुद्धा, १९८०च्या आसपास चांदीचा भाव कडाडला तेव्हा तर लोकांनी डबे भरभरून नेली. म्हणजे आजी त्यांच्या सात वर्षं पुढे होती! आणि एक गोष्ट वाचून तर माझा राग आजीवरून निघून थेट दुसरीकडेच गेला, ती म्हणजे या पदकाची एक ब्राँझची आवृत्तीही होती, सुमारे १ लाख १० हजार. ती कोणाला? हमालीची, मजुरीची कामं करणाऱ्या चिनी, माल्टाच्या, हिंदुस्थानी लेबर कोअरच्या माणसांना. चित्र तेच, राजा तोच, रिबन तीच. रस्ते त्यांनी बांधले, प्रेतं त्यांनी उचलली, बॉम्ब त्यांच्यावरही पडले, पण हातात बंदूक नाही तर चांदी नाही. हिशोब कसा चोख बघा.

मग मला नादच लागला की कुठल्या देशाने कशाचं पदक केलं ते बघायचा.

आता आमचं हे पिवळं विजयपदकच घ्या. १९१९ साली दोस्त राष्ट्रांनी ठरवलं की सगळ्यांनी एकाच प्रकारचं पदक काढायचं, कल्पना फ्रान्सच्या मार्शल फॉश यांची. रिबन सगळ्यांची एक, दोन इंद्रधनुष्यं शेजारी शेजारी ठेवलेली आणि मध्ये लाल. पदकावर पंखवाली विजयदेवता. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, इटली, अमेरिका सगळ्यांनी आपापली पंखवाली काढली. पण जपान म्हणालं आमच्याकडे ही बाई कोणाला माहीत नाही, त्यांनी त्यांचा युद्धदेव ताकेमिकाझुची टाकला. आणि सयाम, म्हणजे थायलंड, त्यांनी थोडी माणसं युरोपात पाठवली होती म्हणून त्यांनाही पदक काढायचा हक्क होता, तर त्यांच्या पदकावर कोण असेल? विष्णू! आपला नारायण, पहिल्या महायुद्धाच्या विजयपदकावर. पणजोबा देवभोळे होते म्हणतात, त्यांना हे कोणी सांगितलं असतं तर म्हणाले असते मला ते सयामचं द्या.

इटलीने तर आणखी एक केलं, त्यांच्या १९१५-१८च्या युद्धपदकावर सरळ छापलंय की हे शत्रूच्या ब्राँझमधून पाडलेलं आहे. ऑस्ट्रियाच्या पकडलेल्या तोफा वितळवून. अशीच तोफ वितळवायची आयडिया त्याआधी इंग्रजांनी वापरली होती, व्हिक्टोरिया क्रॉससाठी, म्हणजे त्यांच्या शौर्याच्या सर्वोच्च पदकासाठी. २९ जानेवारी १८५६ला तो सुरू झाला, क्रायमियाच्या युद्धाच्या अखेरीस, आणि गोष्ट अशी की सेवास्तोपोलला पकडलेल्या रशियन तोफांच्या ब्राँझमधून तो बनतो. नंतर तज्ज्ञांनी तपासलं तर तोफा चिनी घाटाच्या निघाल्या. आता त्या रशियनांनी चीनकडून आणलेल्या की इंग्रजांनीच दुसरीकडून ढापलेल्या यावर लोक अजून भांडतायत. काही असो, सोनं नाही, चांदी नाही, जुन्या तोफेचा तुकडा. त्यावर आधी "शूरांसाठी" असं लिहिणार होते, तर राणी म्हणाली की मग ज्यांना नाही मिळाला ते काय भित्रे? म्हणून "शौर्यासाठी" केलं. राणीबद्दल मला काही प्रेम नाही पण हा मुद्दा बिनतोड आहे.

पहिलं वाटप २६ जून १८५७, लंडनच्या हाइड पार्कमध्ये, ६२ जणांना, राणी घोड्यावर बसूनच टोचत गेली. तारीख परत वाचा. तिकडे बँड वाजतोय आणि इकडे दिल्ली, कानपूर पेटलेलं. आणि पुढे त्याच सत्तावन्नच्या लढाईसाठी १८२ व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, सगळे एका बाजूलाच, हे सांगायला नकोच. हिंदी शिपायाला तर तो मिळूच शकत नव्हता, १९११ पर्यंत. त्याच्यासाठी कंपनी सरकारने १८३७ मध्ये काढलेली वेगळी ऑर्डर ऑफ मेरिट होती. नंतर दिल्ली दरबारात दार उघडलं आणि तीन वर्षांत, ऑक्टोबर १९१४ला बेल्जियममध्ये, खुदादाद खान यांनी तो मिळवला.

मराठा पलटणीला दोन मिळाले, दोन्ही दुसऱ्या महायुद्धात, दोन्ही इटलीत. या दोघांबद्दल शाळेत एक ओळ नव्हती आम्हाला, आणि मी शिकले ते साताऱ्यात, जिथे गावाच्या नावापुढे मिलिटरी लावतात (अपशिंगे मिलिटरी, पाटी बघितली असेल तुम्ही). नायक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, वय २२. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. त्यांच्या सेक्शनवर जवळून मशीनगन सुरू झाली आणि हे सोडून एकूण एक माणूस पडला, कोणी मेला, कोणी जखमी. घाडगे एकटेच पळत सुटले, ग्रेनेड टाकून गन आणि गनवाला उडवला, टॉमीगनने आणखी एकाला, आणि मग मॅगझिन संपलं. बदलायला वेळ नाही. तर बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लांबून स्नायपरच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या त्या मोर्च्यातच ते गेले. त्यांची कबर नाही, समाधी नाही, कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे फक्त. माणगावात पुतळा आहे, मुंबई-गोवा रोडने जाताना कधीतरी थांबा. आणि २०२३च्या जुलैमध्ये इटलीत मोंतोने गावात त्यांच्या नावाने स्मारक झालं, ते म्हणजे चक्क एक सूर्यघड्याळ, त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. रायगडचा पोरगा आणि त्याच्या नावाचं सूर्यघड्याळ इटलीत. मी फोटो बघून बराच वेळ गप्प बसले होते.

दुसरे नामदेव जाधव, संगमनेर तालुक्यातल्या निमजचे, शिपाई, कंपनीचे रनर म्हणजे निरोप्या. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, चढ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग परत फिरले आणि एकट्याने तीन मशीनगन चौक्या संपवल्या, हाताला गोळी लागली, टॉमीगन चालवता येईना तर ग्रेनेड फेकत राहिले. शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना ठोकली आणि बाकीच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. ते जगले, १९८४ साली पुण्यात वारले. म्हणजे पुण्यात रोज बसमधून जाणाऱ्या कितीतरी लोकांनी त्यांना बघितलं असेल आणि कळलंही नसेल.

पण मला ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त गुंतवलं ती जर्मनीची. १८१३, नेपोलियनविरुद्धचं युद्ध, प्रशियाचा खजिना रिकामा. राजा तिसरा फ्रीडरिक विल्हेल्म याने मार्चमध्ये ब्रेस्लाऊला नवीन पदक काढलं, लोखंडाचं. आयर्न क्रॉस. शिंकेल नावाच्या वास्तुकाराने त्याची डिझाइन केली, काळं ओतीव लोखंड आणि भोवती चांदीची बारीक कड, आणि त्या काळाच्या मानाने मोठी गोष्ट म्हणजे अधिकारी आणि साधा शिपाई दोघांना तेच. त्याच वेळी बायकांना आवाहन केलं की तुमचे सोन्याचे दागिने युद्धासाठी द्या. त्या बदल्यात त्यांना लोखंडाच्या अंगठ्या, लोखंडाच्या साखळ्या मिळायच्या, सोनं दिलं लोखंड घेतलं असं त्यावर लिहिलेलं. आणि मग त्या लोखंडाचीच फॅशन झाली, गळ्यात सोनं दिसलं तर लोक नावं ठेवायचे! मी हे वाचत होते आणि डोळ्यासमोर आजी. तिकडे बाई दागिना देते आणि सरकार त्याचं युद्ध करतं. इकडे युद्धाचं पदक येतं आणि बाई त्याचा दागिना करते. आजीने नकळत अख्खा कारभार उलटा फिरवला होता.

पुढे आयर्न क्रॉसचं फारच स्वस्त झालं. पहिल्या महायुद्धात त्याचा खालचा वर्ग ५० लाखांच्या घरात वाटला गेला. वरचा वर्ग त्या मानाने दुर्मिळ, तो १९१८च्या ऑगस्टमध्ये एका कॉर्पोरललाही मिळाला, त्याचं नाव अडॉल्फ हिटलर, आणि त्याची शिफारस करणारा अधिकारी ह्यूगो गुटमन ज्यू होता. यावर मी काय बोलणार. १९३९ला त्याच क्रॉसवर स्वस्तिक आलं, युद्धानंतर ते बेकायदा झालं, मग १९५७ला पश्चिम जर्मनीने कायदा केला की जुन्या सैनिकांनी पदक घालायचं तर स्वस्तिक काढलेली आवृत्ती घाला. म्हणजे शौर्य तेच ठेवा, चित्र बदला.

अमेरिकेचं वेगळंच. त्यांचं पर्पल हार्ट जखमी झालेल्याला किंवा मेलेल्याच्या घरच्यांना मिळतं, जांभळं हृदय आणि त्यावर वॉशिंग्टनचं तोंड. १९४५ला जपानवर उतरायची तयारी चालू होती, माणसं ढिगाने मरणार हे गृहीत धरून पदकं आधीच बनवून ठेवली. मग अणुबॉम्ब पडले, युद्ध संपलं आणि सुमारे ५ लाख पर्पल हार्ट गोदामात उरली. ती कोरियात पुरली, व्हिएतनाममध्ये पुरली, त्यानंतरही पुरत राहिली. न झालेल्या लढाईतल्या जखमांची पदकं नातवंडांच्या छातीवर. हे वाचून अंगावर काटा येतो हो, आणि तो शौर्यामुळे नाही.

त्यांच्या सर्वोच्च मेडल ऑफ ऑनरचाही एक किस्सा सांगते आणि पुढे जाते. १८६३ला, त्यांच्या यादवी युद्धात, मेन राज्याच्या २७व्या रेजिमेंटची मुदत संपली होती, गेटिसबर्गची लढाई तोंडावर, राजधानी राखायला माणसं हवीत, तर सरकार म्हणालं जे थांबतील त्यांना मेडल. ३००च्या आसपास थांबले. पण यादीचा घोळ झाला आणि मेडल आली ८६४, घरी गेलेल्यांचीही! त्यांच्या कर्नलने शरमेने जादाची मेडल आपल्या गोठ्यात लपवून ठेवली. १९१७ला समिती बसली आणि एकूण ९११ नावं खोडली, त्यात हे सगळे गेले, आणि त्यांच्याबरोबर डॉक्टर मेरी वॉकरही, हे मेडल मिळालेली आजवरची एकमेव बाई. बाईंनी परत द्यायला साफ नकार दिला आणि १९१९ला मरेपर्यंत घालून फिरल्या. १९७७ला सरकारने गुपचूप नाव परत घातलं. मेरीबाई जिंदाबाद.

आपल्या परमवीर चक्राबद्दल बऱ्याच जणांना माहीत आहे पण तरी लिहिते, कारण जोडव्यांशी त्याचा संबंध आहे असं मला उगाच वाटतं. त्याची डिझाइन सावित्रीबाई खानोलकरांची. जन्म १९१३, स्वित्झर्लंडमधलं न्यूशातेल, वडील हंगेरियन, आई रशियन, विक्रम खानोलकर या मराठी आर्मी ऑफिसरशी लग्न केलं आणि मग बाई इतक्या इकडच्या झाल्या की मराठी, संस्कृत शिकल्या, महाराष्ट्राच्या संतांवर पुस्तक लिहिलं. जनरल हिरालाल अटल यांनी त्यांच्याकडे काम सोपवलं. २६ जानेवारी १९५०ला परमवीर चक्र सुरू झालं, साधं ब्राँझ, साडेतीन सेंटिमीटर, जांभळी रिबन. मध्ये राजमुद्रा आणि भोवती चार वज्रं. वज्र कशाचं? दधीची ऋषींच्या हाडांचं. इंद्राला शस्त्र हवं होतं, ऋषींनी देह सोडला आणि हाडं दिली. म्हणजे बाकीचे तोफा वितळवत बसले आणि खानोलकरबाई थेट हाडापर्यंत गेल्या. पहिलं परमवीर मेजर सोमनाथ शर्मांना, मरणोत्तर, आणि योगायोग असा की ते बाईंच्या जावयाचे सख्खे मोठे भाऊ. आजवर २१ जणांना मिळालं, त्यातले १४ मरणोत्तर. ते हयातीत घेणारे पहिले आपले रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियाचे, सॅपर ऑफिसर. एप्रिल १९४८ला नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढत होते, वरून मारा चालू, तर हे रणगाड्याच्या खाली सरपटत चालले होते, दोरी ओढून ड्रायव्हरला चल थांब सांगत. मी आळंदी रोडला ट्रॅफिकमध्ये रिक्षाच्या मागे गाडी लावते तेव्हा मला टेन्शन येतं.

असो. काल रात्री मी ती जोडवी किचनच्या वजनकाट्यावर ठेवली. २२ ग्रॅम. म्हणजे नऊएक ग्रॅम सोनाराकडे, घट आणि मजुरी. आत्याला फोन केला. म्हटलं आत्या, वितळवताना तू होतीस का तिथे? व्हय की म्हणाली, मुशीत टाकलं आन् त्यो फुंकणी मारत बसला. म्हटलं मग एक सांग, पेटीत दोन पदकं होती ना, आजीने त्या पिवळ्याला हातच कसा लावला नाही, मोडीत घातलं असतं तर चार पैसे आले असते की. आणि चांदीचं तरी पणजोबांचं नाव असलेलं, देव्हाऱ्यात ठेवलं असतं.

तर आत्या हसायलाच लागली. "आगं देव्हाऱ्यात कसं ठिवणार? त्या चांदीच्यावर येक बाप्या व्हता घोड्यावर बसल्याला, पार नागवा. अंगावर चिंधी न्हाई. आईला लई लाज वाटायची, ती कायम त्ये पालथं घालून राजाचं तोंड वर ठिवायची. पयला चानस मिळाला आन् दिलं मोडून."

मी लगेच चेक केलं. खरंच आहे, ब्रिटिश वॉर मेडलच्या मागच्या बाजूला घोडेस्वार आहे आणि त्याच्या अंगावर काहीही नाही.

"आणि पिवळं?"

"त्यावर बाई व्हती न्हवं पंखांची. ती अंगभर कापडात व्हती. म्हून ऱ्हायली."